सक्तीची आणि मोफत

सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की आधी वास येतो. उबट, थोडा आंबूस. मग एकेक प्लेट उजेडात धरायची. रुग्णाच्या लघवीतून वाढवलेले जीवाणू अगरच्या, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीच्या, पिवळसर थरावर कापसाच्या काडीने एकसारखे पसरलेले असतात. त्यावर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवलेल्या असतात, प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक. जिथे औषधाने काम केलं तिथे चकतीभोवती रात्रभरात स्वच्छ गोल उमटतो, बाकी सगळीकडे जीवाणूंची दुधाळ साय. पट्टीने गोलाचा व्यास मोजायचा आणि रिपोर्टात त्या औषधापुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहायचं. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. बडोद्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं हे काम करते आहे. सुरुवातीला एखाद्या प्लेटवर जवळजवळ एकही गोल दिसला नाही, तर आम्ही ती सगळ्यांना बोलावून दाखवायचो. आता तशी प्लेट निघाली तर कुणी खुर्चीवरून उठत नाही. या न उठण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “ती गोळी आता मला लागू पडत नाही, शरीराला सवय झाली.” शिकलेली माणसंही असंच म्हणतात. पण सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जीवाणू, आणि बदललेला जीवाणू माझ्या शरीरापुरता राहत नाही. तो माझ्या हातावरून पोळीच्या डब्यावर जातो, संडासातून गटारात जातो, नातवाच्या पोटात जातो. ज्याने आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यालाही न बधणाऱ्या जीवाणूचा आजार होऊ शकतो. ‘माझं शरीर, माझी गोळी, माझे पैसे’ हा हिशेब म्हणूनच इथे लागू होत नाही.

हे घडतं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्या आतड्यातला ई-कोलाय हा जीवाणू सोयीची परिस्थिती मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या झपाट्याने नकला निघताना चुका होणारच. कोट्यवधींत एखाद्याच्या जनुकात असा बदल होतो, की औषध ज्या जागी चिकटतं तिचा आकारच पालटतो. एखाद्याकडे औषध आत आल्याबरोबर बाहेर फेकणारा पंप जास्त जोरकस असतो. एखादा औषधाचे तुकडे करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतो. एरवी अशा जीवाणूला काही फायदा नसतो, उलट जास्तीचं ओझं वाहावं लागतं. पण औषध आलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकटाच वाढतो. २०१६ मध्ये हार्वर्ड आणि इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या संशोधकांनी हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. टेबलाएवढ्या अगरच्या थाळीत कडेला औषध अजिबात नाही आणि मध्याकडे जाताना पट्ट्यापट्ट्यांनी मात्रा वाढत जाते, अशी रचना त्यांनी केली. ई-कोलाय प्रत्येक पट्ट्याच्या कडेला येऊन थबकत होते, मग एखाद्या ठिकाणाहून एक पांढरी शाखा फुटून पुढे सरकत होती. सुमारे अकरा दिवसांत ते हजारपट मात्रेपर्यंत पोचले. त्याचं चित्रण मी लॅबमधल्या नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात दाखवते.

आमच्या घरात हे ज्ञान माझ्या शिक्षणाच्याही आधी आलं होतं. बडोदा हे औषधांचं गाव. अलेंबिक ही औषध कंपनी इथे १९०७ पासून आहे, आणि मागच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांची चूल औषध कारखान्यांच्या पगारावर पेटली. माझे वडील अशाच एका कारखान्यात पेनिसिलिनच्या फर्मेंटेशन विभागात होते. टाकीत बुरशी वाढायची, ती पेनिसिलिन बनवायची आणि सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीसाठी टांगलेला असायचा: टाकीत परका जीवाणू शिरता कामा नये. शिरलाच आणि तो पेनिसिलिनेज हे पेनिसिलिन तोडणारं विकर बनवणारा निघाला, तर हजारो लिटरमधलं पेनिसिलिन त्याने तिथल्या तिथे तोडून टाकलं म्हणून समजा. बाबा रात्री दोनला उठून कारखान्यात जायचे आणि सकाळी तोंड उतरवून परत यायचे, तेव्हा आई काही विचारायची नाही. एक व्हॉल्व्ह नीट वाफवला नाही, एवढंच कारण पुरायचं. पेनिसिलिनेजबद्दल अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे माणसांवर पेनिसिलिनचे पद्धतशीर उपचार सुरू होण्याच्याही आधी. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने बजावलं होतं, की हे औषध दुकानात कुणालाही मिळू लागेल, माणसं ते अपुरं घेतील आणि आपल्याच जंतूंना निर्ढावतील.

औषधाला न जुमानण्याची, म्हणजे प्रतिकाराची, जनुकं माणसाने तयार केलेली नाहीत. तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत. बुरशी आणि जीवाणू एकमेकांशी लढत आले, तेव्हापासूनची ती हत्यारं आहेत. आपण केलं ते एवढंच, की ही हत्यारं असलेल्यांनाच जगू देणारी परिस्थिती घराघरात, वॉर्डावॉर्डात, कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये तयार केली. त्यातच जीवाणूंची एक रीत अशी, की प्रतिकाराचं जनुक ते फक्त मुलाबाळांना देत नाहीत. प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर ते असलं, तर शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देता येतं. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीच्या साथीत एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे जंतू दिसू लागले, तेव्हा ही देवाणघेवाण लक्षात आली. त्यामुळे आतड्यातल्या निरुपद्रवी जीवाणूने कमावलेला प्रतिकार उद्या न्यूमोनियाच्या जंतूकडे जाऊ शकतो. सर्दीसाठी घेतलेली अँटिबायोटिकची गोळी सर्दीच्या विषाणूला काहीच करत नाही, पण पोटातल्या अब्जावधी जीवाणूंची चाळण मात्र करते.

आता माझ्या घरातली गोष्ट. सासूबाई ७४ वर्षांच्या. लघवीला जळजळ होत होती, पण सुनेला कशाला सांगायचं, म्हणून त्या संध्याकाळी देवळातून येताना मेडिकल स्टोरवर गेल्या. तिथला मुलगा ओळखीचा. “मासी, आ लई जाव, बे दिवसमां सारुं थई जशे.” त्याने सेफिक्झिमच्या सहा गोळ्या दिल्या. दोन दिवसांत खरंच बरं वाटलं. चार घेतल्या, दोन उरल्या, त्या देव्हाऱ्याखालच्या खणात गेल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा जळजळ झाली, तेव्हा उरलेल्या दोन घेतल्या आणि आणखी चार आणल्या. तिसऱ्या खेपेला दुसरं औषध, सिप्रोफ्लॉक्सासिन. मला कळलं ते एका पहाटे, हुडहुडी भरून त्यांची खाट हलायला लागली तेव्हा. जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या लघवीचे नमुने तपासते, तिच्या घरातल्या माणसाचा नमुना दोन महिने कुणी तपासला नव्हता. हे मला अजून सलतं.

त्यांचा रिपोर्ट मीच वाचला. ई-कोलाय. सेफिक्झिम आर, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, को-ट्रायमोक्झाझोल आर. खाली मेरोपेनेम एस. आणि मध्ये एका ओळीत नायट्रोफ्युरँटॉइन एस. ही ओळ मी विसरू शकत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकातलं जुनं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं औषध आहे. मूत्राशयात ते उत्तम काम करतं, पण संसर्ग मूत्रपिंडात आणि रक्तात गेला की तिथे त्याची पुरेशी मात्रा पोचत नाही. पहिल्या आठवड्यात कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं पाहण्याची ही तपासणी, केलं असतं तर कदाचित त्या साध्या गोळ्यांवर भागलं असतं. आता शिरेतून मेरोपेनेम द्यावं लागलं, दिवसातून तीनदा, दहा दिवस. त्या बऱ्या झाल्या. पण मेरोपेनेम आपल्या हाताशी उरलेल्या शेवटच्या काही औषधांपैकी आहे आणि त्यालाही तोडणारं एनडीएम-१ हे विकर २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडनवासी रुग्णात सापडलं. नावात ‘न्यू दिल्ली’ का घातलं, यावर २०१० मध्ये आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. नावाचं दुःख मी समजू शकते. तरी त्या वेळी जेवढी ताकद नावावर वाद घालण्यात गेली, त्यातली थोडी मेडिकलच्या काउंटरकडे वळायला हवी होती.

न्यूमोनिया आणि लघवीचे संसर्ग एवढ्यापुरताच हा प्रश्न राहत नाही. सिझेरियन, गुडघा बदलणं, केमोथेरपी, कमी दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत जगवणं, हे सगळं अँटिबायोटिक काम करेल या भरवशावर उभं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या प्रतिकारामुळे झाले.

मग कायदा नाही का? आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये शेड्यूल एच-वन हे निर्बंध असलेल्या औषधांचं परिशिष्ट जाहीर झालं, मार्च २०१४ पासून लागू झालं. सेफिक्झिम त्यात आहे, मेरोपेनेम आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही, दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. वेष्टनावर लाल रेघही आहे. सासूबाईंच्या खणातल्या पाकिटावर ती होती. मी त्यांना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मला वाटलं कंपनीची नक्षी आहे.”

कायदा पाळला जात नाही, तर दुकानांवर धाडी घाला, परवाने रद्द करा, हे उत्तर सगळ्यांना चटकन सुचतं. केरळने २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावाने अशी मोहीम सुरू केली आणि मला तिचं कौतुक आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे औषध स्वस्त आणि हाताशी आहे, तपासणी महाग आणि लांब आहे. ही उलटी रचना जोवर आहे, तोवर नुसत्या सक्तीने माणसं छळली जातील, जीवाणूंचं काही बिघडणार नाही. अझिथ्रोमायसिनच्या पाच गोळ्या शंभर-सव्वाशे रुपयांत येतात, त्याही पाच मिनिटांत. खासगी लॅबमध्ये लघवीच्या कल्चरला पाच-सहाशे रुपये आणि दोन-तीन दिवस लागतात, शिवाय आधी डॉक्टरांची फी. भारतात २०१९ मध्ये खासगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी होतं आणि दुसऱ्या क्रमांकावर सेफिक्झिम २००. यात मला लोकांचा बेजबाबदारपणा कमी दिसतो. पैसे आणि वेळ वाचवणारी साधी व्यवहारबुद्धी जास्त दिसते.

बडोद्याच्या माणसाला याचं उत्तर आपल्याच इतिहासात सापडायला हवं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण लागू केलं, ते ‘सक्तीचं आणि मोफत’. आपण हे दोन शब्द शाळेपासून एका दमात म्हणत आलो, म्हणून त्यांच्यातलं नातं दिसेनासं झालं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. पण तो दंड करण्याचा अधिकार राज्याला मिळाला, कारण राज्याने आधी शाळा काढल्या होत्या, मास्तर नेमले होते आणि फी माफ केली होती. नुसती सक्ती केली असती तर तो जुलूम झाला असता. नुसतं मोफत ठेवलं असतं, तर शेतावर हात हवेत म्हणून मुलं घरीच राहिली असती.

हे आज आणि आरोग्यातही जमतं, याचा पुरावा क्षयरोगाच्या कार्यक्रमात आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर सरकारी केंद्रात थुंकी मोफत तपासली जाते. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही हे सांगतं आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही सांगतं. औषध मोफत. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद करणं बंधनकारक आहे आणि क्षयाची औषधं एच-वनच्या वहीत आहेत. त्रुटी खूप आहेत, औषधांचा तुटवडाही पडलेला आहे. तरी क्षयाची गोळी कुणी सर्दीसाठी काउंटरवरून नेत नाही. जे एका जंतूसाठी करता आलं, ते लघवीच्या आणि रक्ताच्या कल्चरसाठी का करू नये?

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला, इतक्या लॅब आणायच्या कुठून? आणायला नकोत. नमुना प्रवास करू शकतो. लघवीच्या डबीत बोरिक अ‍ॅसिड असेल तर नमुना फ्रीजशिवायही २४ तास तग धरतो. महापालिकेच्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात, वाघोडिया-डभोईच्या तालुका दवाखान्यात सकाळी डब्या गोळा करायच्या, दुपारच्या गाडीने मेडिकल कॉलेजच्या एकाच चांगल्या लॅबमध्ये आणायच्या आणि रिपोर्ट रुग्णाच्या व डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवायचा. दूध रोज सकाळी गावोगावहून गोळा करून, तपासून शहरात आणणाऱ्या गुजरातला हे अवघड आहे, असं मला कुणी पटवू शकणार नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: ताप आत्ता आहे, रिपोर्ट परवा येणार, तोवर काय? बरोबर आहे, गंभीर रुग्णाला वाट पाहायला लावायची नाही. पण पहिलं औषध अंदाजाने निवडायचं, तर तो अंदाज तरी या गावाचा असावा. आमच्या लॅबच्या संगणकात २२ वर्षांचे ‘एस’ आणि ‘आर’ पडून आहेत. शहरातल्या प्रत्येक लॅबमध्ये तसे आहेत. नावं वगळून ते एकत्र केले तर दर सहा महिन्यांनी सांगता येईल, की बडोद्यात लघवीच्या संसर्गात या घडीला कुठलं औषध शंभरातल्या किती जणांना चालतं. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. मोठी इस्पितळं आपापल्यापुरता तो करतात. गल्लीतल्या डॉक्टरांपर्यंत मात्र तो पोचत नाही, आणि बहुतेक गोळ्या तिथेच लिहिल्या जातात. औषधाचे किती दिवस पुरे, हेही याच ज्ञानाने ठरावं. ‘कोर्स पुरा करा’ हे घोषवाक्य आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, आता अनेक साध्या संसर्गांत थोडे दिवसही पुरतात असं दिसतं आहे. क्षयाला हे थोडे दिवस अजिबात चालत नाहीत. म्हणून किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. बरं वाटलं म्हणून चार गोळ्यांवर थांबायचं नाही, आणि उरलेल्या दोन पुढच्या आजारासाठी ठेवायच्या तर मुळीच नाहीत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. छोटा उदेपूरच्या आडगावात डॉक्टर नाही, मेडिकलवालाच डॉक्टर. तिथे सक्ती केली तर न्यूमोनिया झालेलं मूल अ‍ॅमॉक्सिसिलिनविना जाईल. अँटिबायोटिक न मिळाल्यामुळे मरणारी मुलं आजही आहेत आणि त्यांच्या जिवावर मला माझी तत्त्वं राखायची नाहीत. म्हणून सगळ्या औषधांना एकच कुलूप नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत: सहज मिळावीत अशी, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अ‍ॅमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. ते उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हाती बिनदिक्कत असावं, श्वासांची गती मोजून त्यांनी ते द्यावं. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या गटात आहेत. तिथे चिठ्ठी हवीच, आणि तीच आज शेंगदाण्यांसारखी विकली जातात. तिसऱ्या गटातली औषधं इस्पितळाच्या बाहेर पडूच नयेत.

कारखान्यांच्या सांडपाण्याचं एक वाक्य तरी लिहायला हवं, विशेषतः औषधाच्या गावातून लिहिताना. हैदराबादजवळच्या पटनचेरूत २००७ मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचं जे प्रमाण सापडलं, ते उपचार चालू असलेल्या माणसाच्या रक्तातल्या प्रमाणाहून जास्त होतं. जानेवारी २०२० च्या मसुद्यात केंद्र सरकारने अशा अवशेषांवर मर्यादा सुचवल्या होत्या, २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या गळल्या. त्या परत यायला हव्यात. बाबांच्या कारखान्यात जी काटेकोर शिस्त टाकीच्या आत होती, ती टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही लावावी, एवढीच ही मागणी आहे.

गेल्या महिन्यात मी त्या मेडिकल स्टोरवर गेले. भांडायला नाही. सासूबाईंचा रिपोर्ट बरोबर नेला होता, तो काउंटरवर ठेवला आणि एकेक ओळ त्या मुलाला समजावून सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग मागे फळीवर बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवलं. वाघोडियाच्या एका बांधकामावरचा मजूर होता, हातात कालच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. “मासी, आने हुं ना पाडुं तो ए क्यां जाय? टेस्ट मफत थती होय एवुं सरनामुं आपो, हुं पोते मोकलुं.” याला मी नाही म्हटलं तर तो जाईल कुठे, टेस्ट मोफत होते तिथला पत्ता द्या, मी स्वतः पाठवतो, असं त्याचं म्हणणं. आणि बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला त्याने पेन पुढे केलं. मी मोठ्या सरकारी दवाखान्याचा पत्ता लिहिला, खाली सकाळी नमुना घेण्याची वेळ लिहिली. मजुराने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, रिपोर्ट घ्यायला पुन्हा यावं लागेल का, कारण एका खेपेला एका दिवसाची मजुरी जाते. मी हो म्हणाले. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, आणि आजच्यापुरत्या दोन गोळ्या मिळतील का, असं दुकानदाराला विचारलं.